दिल्लीचे ताम्रपत्र आणि टेकडीवरची वही

उल्हासनगरच्या कॅम्प ४ मध्ये सुभाष टेकडी ही आमची वस्ती. माझ्या घराच्या वरच्या अंगाला एक पेटीमास्तर राहतात. वय ऐंशीच्या घरात. तीस-पस्तीस वर्षे त्यांनी भीमगीतांच्या गायन पार्टीत पेटी वाजवली, गाणी रचली, चाली बांधल्या. दिवसा कारखान्यातली पाळी आणि रात्री गाणे, असा त्यांचा जन्म गेला. २०२२ साली ते माझ्याकडे एक छापील अर्ज घेऊन आले. राज्य सरकार वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देते, त्या योजनेचा तो अर्ज होता. मी शाळेत शिकवतो, म्हणून आळीतले अर्ज लिहिण्याचे काम बहुधा माझ्याकडेच येते. नाव, वय, पत्ता, उत्पन्न हे सारे भरून झाले आणि आम्ही एका रकान्यापाशी अडलो. रकाना होता ‘कलाप्रकार’.

मास्तरांनी तो अर्ज आधी एका कार्यालयात दाखवला होता. तिथल्या कारकुनाने चांगल्या मनानेच सल्ला दिला होता, की ‘भजन’ लिहा, काम लवकर होईल. मीही तेच म्हणालो. मास्तर काही वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “भजन लिव्हलं तं पैसं मिळतीन. पन मंग आपलं गानं कुठं ऱ्हायलं?”

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी इतिहासाचा शिक्षक आहे. बाबासाहेबांच्या चळवळीचा इतिहास मला सनावळीसकट सांगता येतो. पण त्या चळवळीचे गाणे सरकारच्या कोणत्या रकान्यात बसते हे मला सांगता येईना. ते मी शोधू लागलो आणि शोधता शोधता दिल्लीपर्यंत, राष्ट्रीय पुरस्कारांच्या मंचापर्यंत जाऊन पोहोचलो. हा लेख त्या शोधाचा आहे. आपल्या गाण्याला पुरस्कार का मिळत नाही, अशी तक्रार मला करायची नाही. पुरस्कार देणाऱ्याला कोणते गाणे दिसते, कोणते दिसत नाही आणि जे दिसते ते कोणत्या रूपात दिसते, एवढेच मला तपासायचे आहे.

प्रथम आमच्या वस्तीविषयी. उल्हासनगर हे गाव असे नव्हतेच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळच्या या माळावर लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या छावणीच्या बॅरॅकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी या वसाहतीची कोनशिला बसवली आणि तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणीचे पाच भाग होते, म्हणून आजही लोक पत्ता सांगताना कॅम्प १ ते कॅम्प ५ असेच सांगतात. शहाड ते अंबरनाथ या पट्ट्यात कारखाने उभे राहिले आणि त्यांच्या मागोमाग खानदेश, नाशिक, नगर, मराठवाडा इकडचे आमचे लोक पोट भरायला आले. १९७२ च्या दुष्काळाने तर गावेच्या गावे या रेल्वेमार्गावर आणून सोडली. सपाट जागेवर बॅरॅकी होत्या. आमच्या वाट्याला टेकडी आली. खाली सिंधी भगतांचे गाणे चाले आणि वर आमची कव्वाली. दोन्हीकडे घरदार सोडून आलेली माणसे होती. फरक इतकाच, की त्यांना निर्वासित म्हणून सरकारदरबारी नोंद होती. आमचे गाव सुटले ते कोणत्या नोंदवहीत लिहिले गेले नाही.

गायन पार्टी म्हणजे काय हे आजच्या विद्यार्थ्यांना सांगायला हवे. एक पेटी, एक ढोलकी किंवा तबला, पुढे बेंजो, एक मुख्य गायक, मागे टाळ्या धरणारा कोरस. चौदा एप्रिल, सहा डिसेंबर, नामकरण, बौद्ध पद्धतीचे लग्न, पुण्यानुमोदन, असे प्रसंग. कधी दोन पार्ट्यांचा सामना लागे आणि सवाल-जवाबात पहाट होई. गाणे आवडले की श्रोत्यांतून एकजण उठे, रुपया-दोन रुपये पेटीवर ठेवी आणि मंचावरून पुकारा होई, की अमक्या गल्लीतल्या अमक्याकडून या गाण्याला इतके बक्षीस. मुद्दाम सांगतो, हाही पुरस्कार वितरण समारंभच होता. निवड समिती समोर सतरंजीवर बसलेली असे, निकाल तिथल्या तिथे लागे आणि बक्षीस देणाऱ्याचे नाव मानकऱ्याच्या नावाइतक्याच मोठ्याने घेतले जाई.

आता दिल्लीकडे वळू. संगीत नाटक अकादमीची स्थापना १९५२ च्या सरकारी ठरावाने झाली आणि २८ जानेवारी १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. संस्थाने विलीन झाली होती, राजेरजवाड्यांचा आश्रय संपला होता. आता कलावंतांचा आश्रयदाता लोकशाही शासनाने व्हावे, हा विचार त्यामागे होता. विचार चांगलाच होता. पुरस्कारांच्या पहिल्या चार मानकऱ्यांत अल्लाउद्दीन खाँ, मुश्ताक हुसेन खाँ, कारैकुडी सांबशिव अय्यर आणि अरियाकुडी रामानुज अय्यंगार ही नावे आहेत. या चौघांच्या थोरवीविषयी कोणाचे दुमत होणार नाही. परंतु दोन हिंदुस्थानी, दोन कर्नाटकी या पहिल्याच मांडणीत राष्ट्राचे संगीत म्हणजे काय याची एक कल्पना ठरून गेली. दरबार आणि देऊळ यांतून आलेले ते संगीत. उरलेले सारे ‘इतर’. पुढे लोककला आणि पारंपरिक कला यांना जागा मिळाली. पण ती जागा ‘अन्य’ म्हणूनच मिळाली.

त्याच काळात आकाशवाणीवर काय चालले होते तेही पाहण्यासारखे आहे. १९४० पासून आकाशवाणीने हार्मोनियमला बंदी घातली होती. या वाद्याला भारतीय संगीतातल्या सूक्ष्म श्रुती दाखवता येत नाहीत, ते परके आहे, असे त्यामागचे म्हणणे. ब्रिटिश अधिकाऱ्याच्या काळात आलेली ही बंदी स्वातंत्र्यानंतरही राहिली आणि १९७१ मध्ये ती काही अंशी उठली. म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ राष्ट्राच्या रेडिओवर पेटी वर्ज्य होती. नेमक्या याच तीस वर्षांत आंबेडकरी गाणे पेटीवर वाढले. तंबोरा आमच्या घरात नव्हता, सारंगी नव्हती. पेटी मात्र वर्गणी काढून घेता येत होती, खांद्यावरून नेता येत होती आणि गुरूच्या घरी पाणी भरल्याशिवाय शिकता येत होती. राष्ट्राने जे वाद्य अशुद्ध ठरवले त्यावर आम्ही आमचा माणूस गायिला. पुढे काळ बदलला आणि तुळशीदास बोरकर यांच्यासारख्या थोर पेटीवादकाला २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, याचा आनंद आहे. यातून एवढेच ध्यानात घ्यायचे, की शुद्ध-अशुद्धाचे रकाने निसर्गाने आखलेले नसतात. ते माणसे आखतात आणि माणसेच पुसतात.

मग कोणी म्हणेल, तमाशाच्या कलावंतांना तर राष्ट्रपतींनी गौरवले. बरोबर आहे. त्या गौरवाचीही तपासणी करू. स्वातंत्र्यानंतर लगेच मुंबई राज्याच्या सरकारने तमाशावर बंदी आणली होती. नंतर सुधारणेसाठी समिती नेमली गेली, संहिता तपासून घेण्याची अट आली आणि तमाशा पुन्हा उभा राहिला. त्यानंतर दहा वर्षांच्या आतच, १९५७ साली, विठाबाईंचा राष्ट्रपतींकडून गौरव झाला. १९९० साली पुन्हा झाला. बंदीच्या कलेपासून राष्ट्रीय गौरवाच्या कलेपर्यंतचा हा प्रवास फार वेगाने झाला. पण विठाबाईंच्या राहुटीत त्या वेगाने काय बदलले? १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या. अखेरच्या आजारपणाचे रुग्णालयाचे बिल देणगीदारांच्या पैशांतून फेडावे लागले. दोनदा राष्ट्रपतींनी गौरवलेल्या बाईची ही अखेर. राहुटीत बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभे राहण्याची त्यांची हकीगत आपण सारे डोळ्यांत पाणी आणून सांगतो. बाळंतिणीला त्या रात्री नाचावे का लागले, हा प्रश्न मात्र त्या हकिगतीतून गळून जातो. कौतुकाचा एक दोष असा असतो.

आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. त्यांच्या फडाच्या पाटीवर नाव होते ‘विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर’. भाऊ-बापू मांग नारायणगावकर हे तर महाराष्ट्रभर गाजलेले नाव. ज्या काळात जात सांगितली की हॉटेलातली कपबशी वेगळी निघे, त्या काळात ही माणसे जात पाटीवर रंगवून गावोगाव हिंडली. २००६ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने तमाशा क्षेत्रासाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. त्या पुरस्कारात त्यांचे नाव ‘विठाबाई नारायणगावकर’ असे आहे. मधला शब्द गेला. कोणी दुष्टाव्याने काढला असे मी म्हणत नाही; कदाचित सभ्यता म्हणूनच काढला असेल. परंतु जात नाहीशी झालेली नसताना केवळ पाटीवरून जात काढणे म्हणजे त्या कलेचा जन्म कोणत्या वाड्यात झाला, कोणाच्या उपाशी पोटातून झाला, हे पुढच्या पिढीला कळू न देणे होय. कोल्हाटी समाजात जन्मलेल्या यमुनाबाई वाईकर यांना १९९५ चा अकादमी पुरस्कार आणि २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या लावणीची अदाकारी दिल्लीने पाहिली. त्या अदाकारीमागे एका जातीच्या मुलींचे आयुष्य पिढ्यान्‌पिढ्या कसे बांधलेले होते, हे मानपत्राच्या भाषेत येत नाही. तिथे ‘परंपरा जतन केली’ एवढेच येते. ज्या परंपरेतून सुटण्यासाठी माणूस धडपडतो, ती जतन केल्याबद्दल त्याचाच सत्कार होतो.

इथे आपल्या चळवळीकडेही बोट दाखवले पाहिजे. नाही तर हा लेख एकांगी होईल. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी मुरळ्या, जोगतिणी, देवदासी, पोतराज यांच्या सभेत भाषण केले आणि ते अपमानित जिणे सोडण्याचे आवाहन केले. त्या आवाहनाचे मोल मी काय सांगावे? त्यामुळे आमच्या आया-बहिणी ताठ मानेने जगल्या. त्याच जाणिवेतून १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांनी आणि त्यांच्यासारख्या इतरांनी आंबेडकरी जलसा उभा केला. तमाशाचा सांगाडा घेतला, पण त्यातली गौळण गेली, शृंगार गेला आणि तिथे शिक्षण, स्वाभिमान, सावकारी, धर्मांतर हे विषय आले. ही एक सांस्कृतिक क्रांती होती. पण क्रांतीच्या या वाटेवर आपण फडातल्या बाईला मागे सोडले, हेही खरे आहे. कला टाकताना कलावंतिणीलाही टाकले. विठाबाईंना सरकारने ‘लोककलावंत’ म्हटले. आपण तर बराच काळ काहीच म्हटले नाही. आमच्या टेकडीवर जयंतीच्या मंचावर बाई गायला उभी राहिली तेव्हा कुजबुज झाली होती, हे मी लहानपणी पाहिले आहे. पुढे आपल्या गायिका आल्या, वाढल्या, त्यांच्या कॅसेटी घरोघर वाजल्या. तरीही ती कुजबुज आपल्या इतिहासात लिहिली गेली पाहिजे.

आता मूळ प्रश्न. तमाशाला निदान ‘अन्य’च्या रकान्यात जागा मिळाली. भीमगीताला तीही का मिळू नये?

वामनदादा कर्डकांचेच उदाहरण घेऊ. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेला हा माणूस गावोगाव, वस्तीवस्तीत पायी फिरत गायिला. त्यांच्या गाण्यांनी ज्या अडाणी माणसांपर्यंत बाबासाहेब पोहोचले, त्या माणसांपर्यंत ग्रंथ पोहोचायला आणखी एक पिढी जावी लागली. १५ मे २००४ रोजी ते गेले. पुढच्याच महिन्यात, २३ जूनला, प्रल्हाद शिंदे गेले. आमच्या शेजारच्या कल्याणातला हा आवाज. भीमजयंतीला तो वाजतो आणि आषाढीला विठ्ठलाच्या देवळासमोरही तोच वाजतो. एवढ्या लोकांच्या कानांत बसलेला दुसरा आवाज महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. पण या दोघांच्याही नावापुढे ना अकादमीचा पुरस्कार, ना पद्म. विठ्ठल उमप यांच्यासारखा शाहीर नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूरला मंचावरच, आपल्या माणसांसमोर, अखेरचा श्वास घेतो. त्याच्या मृत्यूची थोरवी आपल्याला कळते, पण ती ज्या जगण्यातून आली ते गाणे कोणत्या परंपरेचे म्हणायचे, याचे उत्तर राष्ट्रीय मंचापाशी नसते.

याचे कारण माझ्या मते केवळ द्वेष हे नाही. द्वेष असता तर लढणे सोपे होते. कारण ‘लोककला’ या शब्दाच्या आतच आहे. लोककला म्हणजे जुनी, कोणा एकाच्या नावावर नसलेली, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, शेतीभातीशी आणि देवाधर्माशी जोडलेली कला, अशी आपल्या अभिजनांची समजूत आहे. भीमगीत या समजुतीत बसत नाही. त्याला कवी आहे. शेवटच्या कडव्यात तो आपले नाव सांगतो. त्याला तारीख आहे. महाड, नाशिक, पुणे करार, दीक्षाभूमी, नामांतर, एकेका घटनेचे गाणे आहे. ते शहरातल्या चाळीत, कारखान्याच्या पाळ्यांत, रेल्वेच्या कडेला जन्मले. त्याची चाल कधी सिनेमाची, कधी कव्वालीची, कधी लावणीची. त्यात देव नाही, माणूस आहे. म्हणजे हे आधुनिक गाणे आहे. पण आधुनिक संगीत म्हणून नाव घ्यायचे तर ते गाणारा माणूस आधुनिक आहे हे आधी मान्य करावे लागते. झोपडपट्टीतल्या माणसाला प्राचीन मानायला सारे तयार असतात. आधुनिक मानायला तयार नसतात. म्हणून हे गाणे शास्त्रीयात बसत नाही, लोककलेत बसत नाही आणि सुगम म्हणावे तर ते ऐकणाऱ्याला सुगम वाटत नाही. सरतेशेवटी कारकून म्हणतो, भजन लिहा.

या न्यायाचा आणखी एक प्रसंग सांगतो. तो संगीताच्या पुरस्कारांचा नाही, चित्रपटांच्या पुरस्कारांचा आहे, पण गाण्याशी त्याचा जवळचा संबंध आहे. ३ मे २०१५ रोजी दिल्लीच्या विज्ञान भवनात राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार दिले गेले. सर्वोत्कृष्ट चित्रपट होता चैतन्य ताम्हाणे यांचा मराठी ‘कोर्ट’. त्याचा नायक एक म्हातारा दलित शाहीर. त्याच्या गाण्यामुळे गटार साफ करणाऱ्या कामगाराने जीव दिला, असा आरोप त्याच्यावर ठेवला जातो. ही भूमिका नागपूरच्या चळवळीतले कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली आणि त्यातली गाणी शाहीर संभाजी भगत यांची. शाहिराची ही कथा सुवर्णकमळाची मानकरी ठरली त्या दिवशी कबीर कला मंचाचे तीन तरुण शाहीर, सचिन माळी, सागर गोरखे आणि रमेश गायचोर, महाराष्ट्रातल्या तुरुंगात कच्चे कैदी होते. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. २०२० मध्ये त्यांतल्या गोरखे आणि गायचोर यांना दुसऱ्या प्रकरणात पुन्हा अटक झाली. त्यांच्यावरच्या आरोपांचा निवाडा न्यायालयाने करायचा आहे. तो मी करीत नाही. मी फक्त एक तारीख दुसऱ्या तारखेशेजारी ठेवतो. पडद्यावरच्या शाहिराला टाळ्या मिळाल्या, कारण तो पडद्यावर होता.

आता २०२३ कडे येतो. अकादमीने अमृत पुरस्कार या नावाने एक विशेष सन्मान जाहीर केला होता. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आणि तोवर कोणताही राष्ट्रीय सन्मान न मिळालेल्या कलावंतांसाठी तो होता. १६ सप्टेंबर २०२३ रोजी विज्ञान भवनात उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांच्या हस्ते ८४ ज्येष्ठ कलावंतांना तो देण्यात आला. एक लाख रुपये, ताम्रपत्र, अंगवस्त्र. या पुरस्काराचे मी मनापासून स्वागत करतो. कारण यात एक कबुली आहे. सत्तर वर्षे पुरस्कार देऊनही बरेच जण राहून गेले, हे त्या संस्थेने स्वतःच मान्य केले.

त्या दिवशी मास्तर माझ्याकडे बसले होते. माझ्या मोबाइलवर आम्ही त्या समारंभाची चित्रे पाहिली. कोणी चाकाच्या खुर्चीवर, कोणी नातवाच्या खांद्यावर हात ठेवून. मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. मला वाटले, ते आता विचारतील, यात आपला कोण? त्यांनी ते विचारले नाही. म्हणाले, “म्हातारी मान्सं हायेत. लांबून आली असतीन. त्यांच्या जेवनाची सोय केली असंन ना रे?” मी म्हटले, केली असेल. मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत. त्यांच्या हाताची बोटे मात्र मांडीवर पेटी वाजवल्यासारखी हलत होती.

उठताना ते म्हणाले, “तुह्या अर्जाला पुरावा लागतो ना? माह्याकडं कागद न्हाई. वही हाये.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती वही आणली. जाड पुठ्ठ्याची, कारखान्यातल्या हजेरीची असावी तशी. पहिल्या पानांवर गाणी आहेत. मागच्या बाजूने उघडली की कार्यक्रमांची नोंद. तारीख, ठिकाण, कोणाची जयंती की कोणाचे लग्न, समोरची पार्टी कोणती आणि खाली बक्षिसांची यादी. कुर्ला कॅम्प, लालचक्की, अंबरनाथ, बदलापूर, कल्याण, नाशिक, मनमाड. कोणी एक रुपया, कोणी दोन, कोणी पाच. एका ठिकाणी लिहिले आहे, की एका बाईने पैसे नव्हते म्हणून ज्वारी दिली. किती शेर तेही लिहिले आहे. काही नावांपुढे बारीक अक्षरात ‘दिले नाही, कबूल’ असा शेरा आहे. मी विचारले, हे का लिहून ठेवले? ते म्हणाले, बक्षीस पाच जणांत वाटायचे असे, भांडण नको म्हणून. इतिहासासाठी कोणी काही लिहीत नव्हते. हिशेबासाठी लिहिले आणि त्याचा इतिहास झाला.

ती वही चाळताना मला माझा विषय नव्याने कळला. अकादमीच्या मानकऱ्यांची यादी छापलेली आहे. कोणालाही ती पाहता येते. आपल्या गाण्याला लोकांनी जे दिले त्याची यादी अशा वह्यांत, पत्र्याच्या पेटीत, माळ्यावर पडली आहे. आपण गीतांचे संग्रह काढले, जलशांवर पुस्तके लिहिली, भीमराव कर्डकांनी तर आपल्या हाताने जलशांचा इतिहास लिहून ठेवला. पण पेटीवाला, ढोलकीवाला, कोरसवाला आणि पाच रुपये देणारा गिरणी कामगार यांची नोंद आपण केली नाही. ज्यांची नोंद आपण करीत नाही त्यांना दिल्लीने ओळखावे, हे म्हणण्याचा आपल्याला कितपत अधिकार आहे?

अर्जाचे काय झाले, ते सांगून थांबतो. या मानधन योजनेत पूर्वी राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक अशा अ, ब, क श्रेणी होत्या आणि त्यांप्रमाणे महिन्याला ३१५०, २७०० आणि २२५० रुपये मिळत. म्हातारपणाच्या भुकेलाही श्रेणी होती. मार्च २०२४ मध्ये राज्य शासनाने निर्णय घेऊन सर्वांना सरसकट ५००० रुपये केले. ही समता कागदावर तरी आली. मास्तरांचा अर्ज मात्र दोनदा परत आला होता; ‘कलाप्रकार स्पष्ट करावा’ असा शेरा होता. तिसऱ्या वेळी मी त्यांना पुन्हा विचारले, काय लिहू? पाच हजार रुपये त्यांच्या घरात फार मोठी रक्कम आहे. सून घरी शिलाईकाम करते, औषधांचा खर्च आहे. भजन लिहिले असते तर मी त्यांना दोष दिला नसता आणि वाचकांनीही देऊ नये. ते म्हणाले, “जलसा लिव्ह. खाली कंसात आंबेडकरी लिव्ह. अक्षर मोठं काढ.”

मी तसे लिहिले. पुराव्याच्या ठिकाणी वहीच्या बेचाळीस पानांच्या झेरॉक्स प्रती जोडल्या आणि प्रत्येक पानावर मास्तरांची सही घेतली. ज्वारीच्या नोंदीचे पान सर्वांत वर ठेवले. अर्ज सध्या तपासणीत आहे.

कार्यकर्त्यांना, विद्यार्थ्यांना आणि माझ्या शिक्षक मित्रांना माझी एकच विनंती आहे. आपापल्या वस्तीत असे मास्तर आहेत, असतील. जुनी घरे पाडून इमारती उभ्या राहत आहेत आणि सामान हलवताना जुन्या वह्या रद्दीत जातात. यंदाच्या जयंतीच्या आत प्रत्येकाने निदान एक वही शोधावी, तिची प्रत करावी, तिच्यातली नावे मोठ्याने वाचून त्या मास्तरांकडून तपासून घ्यावीत. बक्षीस देणाऱ्याचे नाव मंचावरून पुकारायची आपली रीत होती. ती मोडू देऊ नये.